दूध आणि हिराकस

सांगली
१२ नोव्हेंबर २०२४

चि. जोतीराम यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. ठीक काही नाही.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू ‘बरं बरं’ म्हणतोस आणि ठेवून देतोस. फौजेत होतास तेव्हा माझं पत्र चार-चारदा वाचायचास. हेही तसंच वाच.

तुझी लेक क्रांती चार दिवस आत्याकडे राहायला आली आणि परवा सकाळी मैदानावर पळता पळता मटकन खाली बसली. ओठ पांढरे, डोळ्यांपुढे अंधारी. फेब्रुवारीत पोलीस भरतीची मैदानी चाचणी, आणि पोरगी अर्ध्या फेरीत बसते! तशीच डॉक्टरीणबाईंकडे नेली. दवाखाना वरच्या मजल्यावर. जिन्यात मलाच दम लागला, तर उलट क्रांतीच मला हात देत होती. रक्त तपासलं. हवं त्याच्या दोन तृतीयांशही नाही. रक्तात लोह नसलं की छातीत घेतलेला श्वास पायांपर्यंत पोहोचतच नाही, असं बाईंनी समजावलं. भाकरी अंगाला जळण देते खरी, पण वारा नसेल तर चुलीतलं लाकूड नुसतं धुमसतं. पोरगी तशी धुमसतेय.

काय काय खातेस, असं त्यांनी विचारलं, तर म्हणाली, सगळं. मला हसू आलं आणि संताप आला. आपलं घर मला माहीत नाही का? लहानपणी मटण शिजलं की फोडी तुझ्या ताटात आणि रस्सा माझ्या. आता तुझा पोरगा शिवतेज तालमीत जातो म्हणजे त्याच्या खुराकाला घरातलं सगळं दूध-तूप जात असणार, आणि पोरीला टोपातलं खरवडून.

तू मोटारसायकलवरून जाता जाता लोकांच्या उसाला पडलेला केवडा ओळखतोस. पान पिवळं-पांढरं पडलं की पिकाला लोह मिळत नाही, असं अख्ख्या शिवाराला शिकवत फिरतोस. आणि घरातल्या पोरीचं तोंड पिवळं पडलं ते तुला दिसलं नाही?

उद्या तिला एसटीत बसवून देते. राग पाठवायला बसले होते. माया काय, ती तिकिटावाचूनही पोहोचते. आईला नमस्कार सांग.

तुझी,
आक्का

ता. क. हे लिहिताना तिसरा चहा झाला. संताप आला की मला घास उतरत नाही.


कराड
१९ नोव्हेंबर २०२४

ती. आक्कास,
जोतीरामाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चारदा नाही, दोनदाच वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला ढालच पाहिजे होती. पण एक सांगतो, तुझा नेम या वेळी साफ चुकला.

क्रांतीनं पळायला सुरुवात केली त्या दिवशी आईनं घरात हुकूम काढला, की नातवाला जे मिळतंय ते सगळं नातीला मिळालं पाहिजे. तेव्हापासून शिवतेजच्या आधी क्रांतीचा पेला भरतो. सकाळी पळून आली की म्हशीचं दूध, वर बदाम. दुपारी दूध-भाकरी. झोपताना पुन्हा दूध. चहासुद्धा निव्वळ दुधाचा, आणि तोही जेवणावर. पालेभाजीनं पोट फुगतं, पळणारीचं पोट हलकं पाहिजे, म्हणून आई तिला भाजी वाढत नाही. कुळीथ, तीळ, गूळ उष्ण पडतात म्हणून तेही बंद. मटणाची तर तिला वासनाच राहत नाही, इतकं दूध पोटात असतं. कॉलेजातून मिळालेली लोहाची गोळीसुद्धा आई स्वतःच्या हातानं देते, पोटाला बाधू नये म्हणून दुधाबरोबर. आता सांग, यात उपासमार कुठं आली?

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं आणि चूक केली. संध्याकाळी म्हणाली, माझ्या हातचं दूध त्या पोरीच्या अंगी लागंना, तर ते अंगच पळायचं न्हाई. मलाही ते पटलं. एवढं खाऊन पोरगी बसत असेल तर शरीर साथ देत नाही, असंच म्हणायचं. विट्याकडचं एक स्थळ सांगून आलंय, माणसं चांगली आहेत. पळणं या महिन्यापासून बंद करतोय. क्रांती रडतेय, पण भर मैदानात पडून हसं करून घेण्यापेक्षा हे बरं.

तुझ्या रागाची सवय आहे, तुझ्या अबोल्याची नाही. म्हणून लगेच उत्तर दे.

तुझा,
जोतीराम


सांगली
२५ नोव्हेंबर २०२४

चि. जोतीराम यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन मी थेट डॉक्टरीणबाईंकडे गेले. पुन्हा तो जिना, पुन्हा तो दम. वर पोचल्यावर घोटभर चहा घेतला तेव्हा बोलता आलं. त्यांना पत्र वाचून दाखवलं. बाईंनी डोक्याला हात लावला.

दूध वाईट नाही. दुधानं हाडं बांधली जातात, मांस धरतं. पण दुधात लोह जवळजवळ नसतं. वर दुधातला चुना, म्हणजे कॅल्शियम, आलेल्या लोहाची वाट अडवतो. चहाही अडवतो. म्हणजे आई रोज गोळी देत होती आणि त्याच हातानं ती वाया घालवत होती. ज्या भाज्यांतून, कुळथातून, तिळातून चार कण मिळाले असते ते उष्ण म्हणून बंद. तुमच्या घरात पोरीची उपासमार नाही झाली रे, तिला लाडानं उपाशी ठेवलं!

मी तावातावानं तुमच्यावर आरोप केला आणि निघालं भलतंच. त्यामुळे माझा राग कमी झाला असं समजू नकोस. आता तो दुप्पट आहे. तुम्ही नातवाला दिलं ते नातीला दिलं, म्हणजे न्याय झाला असं तुम्हाला वाटलं. दर महिन्याला रक्त कुणाचं जातं? शिवतेजचं? सारखं दिलं म्हणजे पुरेसं दिलं असं होत नाही. एवढं साधं गणित घरातल्या एकाही माणसाला सुचू नये?

आणि तू! चुनखडीच्या रानात केवडा पडतो तेव्हा तूच लोकांना सांगतोस ना, की जमिनीत लोह असतं पण चुना ते मुळाला घेऊ देत नाही? मी टोमणा म्हणून केवडा लिहिला होता. तो तर जसाच्या तसा खरा निघाला. मग मला सांग, केवडा पडला म्हणून तू ऊस मोडून जनावरांपुढे टाकतोस का? लोहाचं खत म्हणून हिराकस फवारतोस, शेणखतात मुरवून मुळाला देतोस आणि वाट बघतोस. पोरीच्या बाबतीत मात्र पहिल्याच पिवळ्या पानाला रान मोडायला निघालास. स्थळ शोधलंस!

गोळी लिंबूपाण्याबरोबर द्यायची. दूध आणि चहा तिच्यापासून दोन तास लांब. ताटात रोज पालेभाजी आणि कडधान्य, मटण केलं तर फोडी. डॉक्टरीणबाई म्हणतात, हळूहळू पळायला हरकत नाही, बेतानं वाढवत न्यायचं. पळणं बंद केलंस तर मी स्वतः तिथं येऊन तुझ्या रानाच्या बांधावर बसेन.

आईला हे पत्र वाचून दाखव, पण आवाज चढवू नकोस. चढवायचा तेवढा मी इथून चढवला आहे. धाकटा आहेस, ऐकून घे. ऐकलंस की पुन्हा लाडका आहेस.

तुझी,
आक्का


कराड
६ जानेवारी २०२५
(सांगणार बनुबाई, लिहिणार क्रांती)

आक्के,
तुला माजा आशीर्वाद. ही पोरगी म्हणत्या, आज्जे, आधी खुशाली घालू का? म्या म्हटलं, आधी भांडू दे, खुशाली मागनं घाल.

तुज्या डॉक्टरणीला सांग, बनुबाईनं दूध काय इख म्हणून पाजलं न्हवतं. घरातली चांगली म्हस पोरीच्या नावानं पिळत हुते. लय राग आला तुजा. दोन दिस जेवले न्हाई. पर त्ये म्हयन्याच्या रगताचं लिवलंस, त्ये खरं हाय. चार बाळंतपणं काढलेल्या बाईला ह्ये दुसऱ्यानं सांगावं लागतंय व्हय?

आता गोळी लिंबाच्या पान्यासंगं. दूध सांजच्याला, लांब. हरबऱ्याची भाजी, कुळथाचं माडगं, शेंगदाणा-गूळ. मटण केलं तर काळीज आधी क्रांतीच्या ताटात. शिवतेज रुसला. त्येला म्हटलं, गड्या, तुज्या गालावर टमाटी पिकल्यात, तू गप रस्सा वरप.

जोतीराम उसाचं पान बगावं तसं रोज सकाळी उन्हात हिची पापणी खाली वढून लाली बगतो. काल म्हणाला, शेंडा सुधरला. शनवारी पोरगी बांधावरनं सगळं अंतर पळाली, मधी बसली न्हाई. विट्याच्या पावन्यास्नी सांगितलंय, फेब्रुवारीपतुर थांबा, मग तिलाच इचारा.

झालं हिचं. आता तुजं.

तुजी दोन्ही पत्रं म्या फिरून वाचून घेतली. चहा जिकडंतिकडं हाय, जेवाण एक बी न्हाई. जिना आला की दम हाय. क्रांती सांगत्या, आत्या भिताडाला धरून हुबी ऱ्हाती, आन ओठ माज्यासारकंच पांढरं. मग पोरीचं रगात तपासाया नेलंस तवा आपला हात फुडं का केला न्हाईस? म्हायेरात रस्सा मिळाला म्हणून अजून भांडतीस. तितं सांगलीत तुला कोण रस्सा वाढतंय गं? तुजाच हात न्हवं? आन पिवळं पान काय दुसऱ्याच्याच रानातलं दिसतं व्हय?

रगात तपासून घे आन थेट हितं ये. पाट मांडून ठेवते. गड्यांच्या आधी बसायचं, फोडी खायच्या, पोट भरस्तवर उठायचं न्हाई.

आन चहा मिळणार न्हाई.

तुजी आय