झूमवरचे पाढे

४ जानेवारी २०२१, ट्रुगानिना

झाली एकदाची सुरुवात! तीन आठवड्यांची उन्हाळी फेलोशिप (इथे जानेवारीत उन्हाळा, शाळांना सुट्टी) — आमच्यासारख्या सावळ्या, बाहेरून आलेल्या पुरुषांनी शाळामास्तर व्हावं म्हणून. इथल्या प्राथमिक शाळांत आम्ही औषधालाही सापडत नाही. लॉकडाउनमध्ये मागे पडलेल्या मुलांचा वर्ग घ्यायचा. निवड झाली तर फेब्रुवारीपासून टीचिंगची डिग्री, मग कायमची शाळा. कोरोनामुळे सगळं झूमवर. ऑफिसात रजा टाकलीय.

पहिल्याच मिनिटाला आठ वर्षांची न्यादाक म्हणते, "आर यू द आयटी गाय? माय साउंड्स नॉट वर्किंग!" बारा वर्षं दुसरं काय केलंय? आधी तिचा साउंड दुरुस्त केला, मग शिकवलं.

५ जानेवारी

पुण्याला फोन. सासऱ्यांच्या आजारपणासाठी गेल्या फेब्रुवारीत कौमुदी आणि लेक उर्वी दोन महिन्यांसाठी म्हणून गेल्या, त्या अजून तिथेच. विमानं तीनदा रद्द झाली. जाताना उर्वी इंग्लिशशिवाय बोलत नव्हती. आता माझ्याशी सगळं मराठीत — "बाबा, जेवलास का रे?" आनंद व्हायला हवा ना? पण मराठी ती माझ्याशिवाय शिकली.

कौमुदी म्हणाली, "इंजिनिअर होऊन पाढे शिकवणार? शिकव बाबा. कोणाला तरी शिकव."

८ जानेवारी

आज माती खाल्ली. तिनाचा पाढा आपल्या पद्धतीने घ्यायला गेलो — सगळ्यांनी मिळून, एका सुरात, मोठ्याने! सगळ्यांचे माइक चालू केले. झूमवर प्रत्येकाचा आवाज मागेपुढे पोचतो, हे आयटीवाल्याला कळायला नको? टेविटा बारावर, न्यादाक सहावर, मधेच कोणाचा तरी कुत्रा. नुसता मासळीबाजार! आमच्या मेंटर ग्लेनिसबाई ओरडतायत — "म्यूट देम, यतिन! म्यूट!"

नाही केलं. मुलं हसून लोळत होती, पण पाढा सोडत नव्हती. टेविटा ओरडला, "अगेन, सर!"

सर! इतकी वर्षं नुसतं 'मेट', म्हणजे दोस्ता, ऐकलं. मला हे हवंय. इतकं हवंय की लिहितानाही लाज वाटते.

११ जानेवारी

ग्लेनिसबाईच म्हणाल्या, "शॅल वी डू द नॉइझी थिंग?"

१४ जानेवारी

वर्ग उर्वीच्या खोलीतून घेतो, तिथे उजेड चांगला. न्यादाकने विचारलं, "हूज बेड इज दॅट?" माझ्या मुलीचा. "वेअर इज शी?" इंडियात. "व्हेन इज शी कमिंग होम?"

चाराचा पाढा काढला. संक्रांत आहे आज. एकट्याने तिळगूळ खाल्ला, गोड बोलायला घरात कोणी नाही.

२२ जानेवारी

निवड झाली! ग्लेनिसबाई म्हणाल्या, "यू बिलाँग इन अ क्लासरूम." कॅमेरा बंद करून ढसाढसा रडलो.

लगेच कौमुदीला फोन केला. ती म्हणाली, "अभिनंदन. आज सांगणार नव्हते, पण ऐक. जूनपासून उर्वीला इथल्याच शाळेत घालतेय, पहिलीत. प्रवेश झालाय. बॅगा भरून किती दिवस बसू रे? तिला इथे मैत्रिणी मिळाल्यात. आम्ही नाही येत आता."

मी भांडलो. म्हटलं, पुण्यात माझ्यासारखे मास्तर पैशाला पासरी, इथे माझी गरज आहे. त्या मुलांनी माझ्यासारखा सर बघितलेला नाही!

"बाबा पैशाला पासरी मिळत नाहीत," ती म्हणाली.

२३ जानेवारी

दोघी नसत्या तर नक्की इथेच राहिलो असतो. हा वर्ग नसता तर नक्की कालच निघालो असतो. दिवसभर हेच.

२५ जानेवारी

ग्लेनिसबाईंना नाही म्हणून सांगितलं. "ओह, लव्ह," मायेने एवढंच बोलल्या. पुण्याचं तिकीट काढलं, फक्त जायचं. उर्वीला सांगितलेलं नाही. विमान सुटेपर्यंत सांगणार नाही; हेही रद्द झालं तर?