त्रेचाळीस माशांच्या डोहात पंचवीस हजार पिल्ले न सोडण्याबाबत

दिनांक : ११ नोव्हेंबर

प्रति,
मा. सहायक संचालक,
मत्स्यबीज वाटप शाखा,
नद्या व जलाशय विभाग.

विषय : धबधब्याच्या वरच्या डोहात १८ तारखेला मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) माझे प्रपत्र क्रमांक ७, दि. ४ ऑगस्ट
२) माझे यापूर्वीचे तीन अर्ज (पैकी पहिला गहाळ, त्याची प्रतही गहाळ)
३) आपले मंजुरीपत्र, सुधारित मंजुरीपत्र व निमंत्रणपत्रिका

महोदय,

१. मी गोड्या पाण्यातील मत्स्य संशोधन केंद्रात क्षेत्र सहायक या पदावर एकोणीस वर्षे काम करीत आहे. हा अर्ज केंद्रप्रमुखांमार्फत पाठवायला हवा होता, याची मला जाणीव आहे. परंतु ते दीर्घ रजेवर असून त्यांचा प्रभार आपल्याकडेच आहे. म्हणजे अर्ज आपल्यामार्फत आपल्यालाच आला असता. त्यात आणखी पंधरा दिवस जातील या भीतीने तो थेट सादर करीत आहे. गैर वाटल्यास क्षमा असावी.

२. धबधब्याच्या वरच्या डोहात काळ्या पट्ट्याचा एक लहान मासा आहे. खालच्या नदीतही तसाच मासा दिसतो आणि नुसत्या डोळ्यांनी दोघांत फरक करता येत नाही. म्हणून गेली तीन वर्षे मी डोहातला एकेक मासा मऊ जाळीत धरून, हात आधी ओले करून (कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो व तो पुढे आजारी पडतो), शेपटीच्या टोकाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापून घेत आले. तुकडा स्पिरिटच्या कुपीत जातो, मासा परत पाण्यात. शेपटी महिन्याभरात भरून येते. प्रयोगशाळेतील डॉक्टरबाईंनी या तुकड्यांची जनुकीय तपासणी केली, तेव्हा कळले की धबधबा चढून वर येता येत नसल्यामुळे वरचे मासे हजारो वर्षे खालच्यांपासून वेगळे राहिले आहेत. ही वंशावळ दुसरीकडे कुठेही नाही. डोहात आज असे त्रेचाळीस मासे आहेत. प्रत्येकाच्या अंगावरचे ठिपके माझ्या वहीत काढलेले आहेत, त्यामुळे मोजण्यात चूक नाही.

३. चूक पुढे झाली, आणि ती माझ्या हातून झाली हे मी आधीच कबूल करते. प्रपत्र ७ मधील रकाना चारमध्ये (डोहातील माशांची संख्या) मी "४३" लिहिले. रकाना पाचमध्ये "पुरेशी" आणि "अपुरी" असे दोनच पर्याय होते. मी अपुरीवर खूण केली, कारण ते खरे होते. मला वाटले, आता डोहावर पहारा बसेल, वाळू उपसणे थांबेल. परंतु रकाना पाचमध्ये अपुरी असलेले प्रत्येक प्रपत्र मागणीपत्र समजून आपल्या शाखेकडे वळते, हे मला एकोणीस वर्षांत कोणी सांगितले नव्हते. तीन आठवड्यांत उत्तर आले : "आपली मागणी सहानुभूतीपूर्वक विचारात घेऊन वीस हजार बोटुकली मंजूर करण्यात येत आहेत." रोग हाल्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते असे.

४. बोटाएवढी ही पिल्ले केंद्रात वाढलेली, खालच्या नदीच्या माशांची संतती आहेत. ती डोहात आली की पहिल्या महिन्यात सगळे शेवाळ व किडे खाऊन टाकतील. त्यातून आमचे त्रेचाळीस जगलेच, तर त्यांची वीण या गर्दीत मिसळून जाईल आणि चारपाच पिढ्यांत वरचा मासा म्हणून काही उरणार नाही. डोह भरलेला दिसेल. मोजायला गेले तर संख्या "पुरेशी" येईल.

५. पहिल्या अर्जाची गत संदर्भात दिली आहे. दुसऱ्या अर्जास उत्तर मिळाले की, एकदा मंजूर झालेली मागणी रद्द करण्याची तरतूद नाही. मात्र संख्या पाचशेच्या वर गेल्याचा दाखला मागणीदाराने दिल्यास प्रकरण बंद करता येईल. हे पत्र मी घरी वाचून दाखवले. आमचे हे म्हणाले, "मग दे की लिहून, पाचशे एक आहेत म्हणून. मासे काय मोजणीला हात वर करून उभे राहणार आहेत?" सासूबाई म्हणाल्या, "तिच्याच्यानं नाही व्हायचं ते. खोटं लिहिलं तर ही आठ दिवस जेवायची नाही." त्यांचे बरोबर आहे. ज्या हाताने जप करते त्या हाताने मी खोटा आकडा लिहू शकत नाही. एका आकड्याने मासे वाचत होते, तरी लिहू शकले नाही, हे माझ्या मनाला रोज टोचते.

६. तिसऱ्या अर्जानंतर आपल्या कार्यालयाने त्रेचाळीस मासे प्रत्यक्ष पडताळणीसाठी कार्यालयीन वेळेत समक्ष हजर करण्यास कळविले. मासे आणले असते तर वाटेतच मेले असते. म्हणून मी त्यांच्या शेपटीच्या तुकड्यांच्या त्रेचाळीस कुप्या, क्रमांक व ठिपक्यांच्या चित्रांसह, पोच घेऊन जमा केल्या. त्यावर निर्णय आला : "सादर केलेले सर्व नमुने मृत आढळल्याने डोहातील संख्या शून्य धरण्यात येत आहे. सबब वाटप पंचवीस हजारांपर्यंत वाढविण्यात येत आहे." महोदय, नखे कापून दिली म्हणून माणूस वारला असे कोणी धरत नाही. ज्या दिवशी हे पत्र आले त्या दिवशीही मी डोहावर होते आणि एकोणतीस क्रमांकाचा मासा माझ्या पायाच्या अंगठ्याला टोचून गेला.

७. मी समक्ष येऊन का सांगत नाही, असा प्रश्न आपणास पडेल. एक खासगी गोष्ट सांगणे भाग आहे. गेली अकरा वर्षे सूर्योदयापासून दुपारी बारापर्यंत मी मौन पाळते. तो माझा देवाशी केलेला नेम आहे आणि त्याने कामात कधी अडथळा आलेला नाही. डोहाकाठी बोलायचे तरी कोणाशी? परंतु आपल्या कार्यालयात अभ्यागतांची वेळ दहा ते बारा आहे. एकदा मी रांगेत अशी उभी राहिले की खिडकीशी बरोबर बाराला पोहोचेन. पोहोचले, बोलले. खिडकीतले लिपिक म्हणाले, "मोठ्यानं बोला बाई, इथं मासे बिचकत नाहीत," आणि वेळ संपली म्हणून खिडकी लावून घेतली. माझा आवाज मुळात लहान आहे, त्यात त्यांचा दोष नाही.

८. आता १८ तारखेची निमंत्रणपत्रिका आली आहे. साडेनऊला मान्यवरांचे व बोटुकलीच्या पिशव्या वाहून आणणाऱ्या मजुरांचे डोहावर आगमन. दहाला "मागणीदारांचे मनोगत". सव्वादहाला मागणीदारांच्या हस्ते पिशव्यांची तोंडे सोडणे. मागणीदार म्हणून माझे नाव छापले आहे. म्हणजे ज्या हाताने या त्रेचाळीस जणांना तीन वर्षे एकेक करून परत पाण्यात सोडले, त्याच हाताने त्यांचा शेवट करायचा. भीक नको पण कुत्रा आवर, एवढेच माझे म्हणणे आहे.

९. तरी नम्र विनंती की,

(अ) आपण किंवा आपले प्रतिनिधी १८ च्या आत एकदा डोहावर यावे. चढ पाऊण तासाचा आहे. मी मासे मोजून दाखवीन.

(आ) ते शक्य नसल्यास पंचवीस हजार बोटुकली धबधब्याच्या खाली, त्यांच्या स्वतःच्या नदीत सोडावीत. त्यांच्याशी माझे वैर नाही. त्यांनाही जगायचे आहे.

(इ) तेही नियमात बसत नसल्यास, ज्याप्रमाणे माझा पहिला अर्ज आणि त्याची प्रत आपल्या कार्यालयात गहाळ झाली, त्याप्रमाणे माझे ४ ऑगस्टचे प्रपत्र ७ गहाळ व्हावे. मूळ मागणीच सापडत नसेल तर मंजुरी आपोआप स्थगित होते, असे आपल्याच परिपत्रकाच्या परिच्छेद सहामध्ये आहे. मी त्याची प्रत मागणार नाही.

१०. यांपैकी काहीच न झाल्यास मी १८ तारखेला दिलेल्या वेळी हजर राहीन. पिशव्यांना हात लावणार नाही. परंतु मनोगताची वेळ दहाची आहे आणि मी ती पाळीन. अकरा वर्षांचा नेम त्या दिवशी मोडेन आणि त्याचे प्रायश्चित्त माझे मी घेईन. त्रेचाळीस जणांची माहिती क्रमांकाने सांगायची आहे, त्यामुळे पंधरा मिनिटे पुरणार नाहीत. ध्वनिक्षेपकाची व्यवस्था असल्याचे पत्रिकेत नमूद आहे. तेव्हा या वेळी कोणाला मोठ्याने बोला म्हणावे लागणार नाही.

आपली आज्ञाधारक, पण या एका बाबतीत नाइलाज झालेली,

(सही)
क्षेत्र सहायक,
मत्स्य संशोधन केंद्र

सोबत :
१) ठिपक्यांच्या वहीची झेरॉक्स, पाने ४३
२) प्रयोगशाळेचा जनुकीय तपासणी अहवाल
३) परिपत्रकातील परिच्छेद सहा (अधोरेखित)
४) निमंत्रणपत्रिका, "मनोगत" या ओळीपुढे माझ्या संमतीच्या सहीसह