नऊ नंबरच्या तुकड्याला तीन पत्रं

२ एप्रिल, शनिवार
आजपासून रोज सकाळी दोन तास मळ्यावर. ठरलं म्हणजे ठरलं. माझी बायको विनी गेल्यापासून मळ्यातल्या आमच्या भाड्याच्या नऊ नंबरच्या तुकड्यात तण माजलंय. तिनं लावलेला आंबट देठांचा रूबार्ब मात्र अजून तग धरून आहे. तो जगवायचाच. खुरपं शोधलं. सापडलं नाही.

५ एप्रिल
शेफील्डमधून इंग्रजी हद्दपार झाली. मळ्याच्या कमिटीचं पत्र. अध्यक्षीणबाई मिसेस ऑल्थॉर्प लिहितात, तण माजल्याबद्दल आपणास वॉर्न करतो. डोकं फिरलं. वॉर्न म्हणजे पुढे खड्डा आहे हे सांगणं. झाल्या चुकीबद्दल कान धरायचा तर अ‍ॅडमॉनिश, तोही मायेनं, माणूस सुधारावा म्हणून. एकतीस वर्षं शाळेत पोरांना हेच घोकवलं.
पत्रावर नाव माझंच. मसुदा तपासायला पाठवलाय, नाव नमुना म्हणून घेतलेलं दिसतंय. तपासून कोण देणार, एवढं बरीक कळतं बाईंना. लाल शाईनं सात चुका काढल्या. दहापैकी तीन गुण. परत पाठवलं. मळ्यावर जायला वेळ उरला नाही.

२३ एप्रिल, सकाळी १०
मळ्यावर गेलो. शेजारच्या तुकड्यावरचा डेझमंड म्हणे, तुमच्या तणाचं बी उडून माझ्या कांद्यात पडतं. म्हटलं, वाऱ्याला सांग. मग विचारतो, पत्र मिळालं का? म्हटलं, मिळालं, भयंकर होतं. त्याला दया आली असावी, चहा दिला. वर शहाणपणा: रूबार्ब घरी न्यायचा तर आत्ताच न्या, इथल्या ऐन उन्हाळ्यात, जुलैत, मुळं धरत नाही. विचारलं होतं कुणी?
एक तास चहात गेला, एक भांडणात. उद्यापासून नक्की.

२१ मे
दुसरं पत्र. सुधारणा काडीची नाही. आता लिहितात, शेवटचं अ‍ॅडमॉनिश करतो, नाहीतर तुकडा काढून घेऊ. नुसता संताप. शब्द माझा उचलला आणि भलत्याच ठिकाणी चिकटवला. पुढचं संकट सांगताय ना? मग इथेच वॉर्न हवं होतं! नमुना पुन्हा नऊ नंबर. बाईंना दुसरा आकडा येत नाही. समासात अर्थ, उपयोग, उदाहरणं लिहून दिली. पाच गुण, तेही दयेचे.
संध्याकाळी बाईंचा फोन. त्यांना बोलू दिलं नाही. पुढचं पत्र नीट लिहा म्हणालो. फोन ठेवून दिला त्यांनी. पोरंही अशीच शरमायची.

४ जून
डेझमंडला नमुन्याची गंमत सांगितली. हसला नाही. म्हणाला, "मास्तर, नमुना कसला? तुम्हालाच सांगतायत हो."
जळतो मेला. त्याच्याकडे कोण पत्रं तपासायला पाठवतं? बोलणं बंद. सोमवारी नवं खुरपं आणायचं.

२ जुलै, शनिवार
तिसरं पत्र. दोनच ओळी. नऊ नंबर सोमवारपासून दुसऱ्याला दिला आहे. आपलं सामान त्याआधी हलवावं.
लाल पेन उघडून बसलो. वॉर्न नाही, अ‍ॅडमॉनिश नाही. शब्द न शब्द जागच्या जागी. पुन्हा वाचलं. एकही चूक नाही.
दुपारी डेझमंडकडे जाऊन खुरपं मागितलं. त्यानं दिलं, बादलीही दिली. विनीचा रूबार्ब दोघांनी मिळून काढला. जुलैत मुळं धरत नाहीत, हे तो बोलला नाही. एप्रिलमध्ये बोलला होता.