बर्फावर कुणीच नाही

१४ जानेवारी १६५८, हार्लेम

नाही म्हणजे नाही! या चित्रात एकही माणूस येणार नाही. आज बाबांना तोंडावर सांगितलं.

नऊ वर्षं हेच चाललंय – बर्फ आणि आभाळ मी रंगवायचं, मग बाबांनी त्यावर घसरणारी, आपटणारी, हसणारी माणसं काढायची. खाली सही त्यांची. गावभर कौतुक – 'लाम्बर्टची माणसं!' आभाळ कुणाचं, ते कुणी विचारत नाही.

हे आभाळ तीन आठवडे रंगवलंय. नदी गोठली त्या सकाळचं. राखाडी – पण नुसतं राखाडी नव्हे, आत कुठेतरी पिवळट उजेड अडकलेला. बघताना कान गार पडतात. तिथे लाल टोपीवाले कशाला?

१६ जानेवारी

फ्लोरिस आला, चित्रं विकणारा. बूट न झटकताच आत, फरशीभर पाणी. चित्र बघून म्हणाला, "झकास. माणसं कधी येणार?"

"येणार नाहीत."

"अगं हेस्टर, हे कुणी भिंतीवर लावलं तर ताटातलं सूप गोठेल!"

"म्हणजे जमलंय."

बाबा हसले नाहीत.

१९ जानेवारी

बाजारातून वाटाणे घेऊन परतले, तर बाबा कुंचला भिजवून चित्रासमोर उभे! मनगट धरलं त्यांचं. सत्तरीच्या बापाचं मनगट – लाज वाटली, पण सोडलं नाही.

"पोरी, माझ्या घरात –"

"घर तुमचं. आभाळ माझं."

२० जानेवारी

बोलणं बंद. पाव तोडून माझ्यासमोर सरकवतात, मान वर न करता. मीही काही कमी नाही!

२३ जानेवारी

शेवटी विचारलंच – मोकळ्या बर्फाचं एवढं वावडं का तुम्हाला? त्यांनी शेगडीतले निखारे हलवले. मग म्हणाले, "तुझी आई तापानं गेली नाही. पायाखालचा बर्फ फुटला. तू सहा महिन्यांची होतीस. हाका मारल्या असतील तिनं... नदीवर चिटपाखरूही नव्हतं. तेव्हापासून मी बर्फ मोकळा सोडत नाही."

२४ जानेवारी

मीच कुंचला त्यांच्या हातात दिला. म्हटलं, एकच. त्यांनी एकच माणूस काढला – ऐन नदीच्या मध्यावर, हाक ऐकल्यासारखा, जिवाच्या आकांतानं धावत येणारा.