बारकीला खेळात बाद करण्याच्या परवानगीबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
प्राथमिक विभाग.

विषय : इयत्ता चौथीतील विद्यार्थिनीस कच्चे लिंबू न धरता खेळाच्या नियमाने बाद करण्यास लेखी परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ : १. समावेशन तासाचे परिपत्रक.
२. अर्जदाराच्या पहिल्या अर्जास उत्तरादाखल आलेले आपले अभिनंदनपत्र.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की,

१. अर्जदार ही चौथीची वर्गशिक्षिका असून परिपत्रक आल्यापासून तिने समावेशन तास एकदाही बुडवलेला नाही. सर्व समान, कुणाला वगळू नये, कुणाला दुखवू नये, हे तिने घसा बसेपर्यंत शिकवले. मुलांनी ते इतके मनावर घेतले की विभागाची फिरती ढाल याच वर्गाला मिळाली.

२. वर्गात बारकी या नावाने ओळखली जाणारी विद्यार्थिनी आहे. ती एका पायाला पट्ट्यांचा आधार लावून चालते आणि आधारासकट बरी पळतेही. पूर्वी मुले तिला चिडवत आणि ती सव्याज परतफेड करी. आता तिचे दप्तर उचलायला चौघे धावतात, उत्तर चुकले तरी टाळ्या पडतात. पकडापकडीत ती कायमची कच्चे लिंबू, म्हणजे तिला कुणी धरायचे नाही आणि तिच्यावर राज्य यायचे नाही. ती मुद्दाम पुढ्यात येऊन उभी राहते. मुले वळसा घालून पळतात. अर्जदाराला ते बघवत नाही.

३. मध्यंतरी बाकावरच्या मैत्रिणीने पाठीत धपाटा घालून बारकीला बाद केले. बारकीने हसत हसत राज्य घेतले आणि सगळ्यांना दमवले. मुख्याध्यापकांनी हे खिडकीतून पाहिले. मैत्रिणीला परिपाठात सर्वांसमोर माफी मागावी लागली, तिचा बाक बदलला, आईवडिलांकडून हमीपत्र घेतले गेले. अर्जदाराने रदबदली केली, तेव्हा ढाल परत गेली तर वर उत्तर कोण देणार, असे तिलाच विचारण्यात आले.

४. त्या दिवसापासून बारकी शाळेत आलेली नाही. तिचे शिंपीकाम करणारे वडील शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले. आवाज न चढवता म्हणाले, "बाई, घरी भाऊ हिच्या झिंज्या उपटतो, तरी ही म्हणते घरीच बरं. शाळेत सगळे पाहुणी आल्यासारखे वागतात." दाखला शनिवारी मिळणार आहे.

५. मुख्याध्यापकांना घोर आहे तो तपासणीचा. बारकी नाही तर समावेशन कुणाचे दाखवायचे? त्यांनी तिसरीतला जाड चष्म्याचा एक विद्यार्थी सरावासाठी आणून बसवला. कुणी सांगण्याआधीच मुलांनी त्याचे दप्तर काढून घेतले. ते पळवले असे वाटून तो रडू लागला, आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या.

६. समान वागवणे म्हणजे बाद करणेही आले, असे अर्जदाराने मुलांना समजावून पाहिले. त्यावर वर्गप्रमुख मुलीने उभे राहून विचारले, "बाई, मग परिपाठात माफी कोण मागणार?" अर्जदाराने फळा पुसायला घेतला.

७. हीच अडचण पहिल्या अर्जात मांडली होती. त्यावर आलेले अभिनंदनपत्र मुख्याध्यापकांनी काचेत बसवून लावले आहे. मार्गदर्शन अद्याप अप्राप्त आहे.

८. काल अर्जदार बारकीच्या घरी गेली होती. शिलाई यंत्राशेजारी बसून बारकीने एवढेच विचारले, "मी आले तर माझ्यावर राज्य येईल का, बाई?" येईल, असे अर्जदाराला सांगता आले नाही. तो अधिकार आपल्या कार्यालयाचा आहे. तरी शनिवारपूर्वी आपण होय म्हणावे. अर्जदार ते स्वतः जाऊन तिला सांगेल.

आपली नम्र आणि निरुपाय झालेली,
(सही)
वर्गशिक्षिका, इयत्ता चौथी

दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत : १. अभिनंदनपत्राची प्रत
२. मैत्रिणीच्या पालकांचे हमीपत्र