इंगाबाईंचं काचेचं भांडं

डिकिन्सन, नॉर्थ डकोटा
४ जानेवारी १९८९

ती. मार्वेलताईस,
धाकट्या आर्लिसचा सा. न. वि. वि.

नाताळात तू खाऊ घातलेल्या बटाट्याच्या पोळ्या अजून अंगावर दिसतायत. असो. बातमी अशी, की मी आपल्या पक्षाच्या राज्य अध्यक्षपदाला उभी राहिलेय. हसू नकोस. सव्वीस वर्षं सभांना कॉफी उकळली, खुर्च्या मांडल्या, आता एका खुर्चीवर बसायचं म्हणते. पश्चिमेकडच्या निम्म्या जिल्ह्यांत पक्षाच्या कचेऱ्यांना कुलूप आहे. समोर उभे असलेले फार्गोचे वकील व्हिटमोर म्हणतात, तिकडे मतंच नाहीत तर पेट्रोल कशाला जाळायचं? ते आले तर ती कुलपं कायमची, ताई.

राज्य समितीत एकशे अठरा सभासद, साठ मतं हवीत. फोन करकरून माझी गाडी छप्पन्नवर अडलीय. तुझ्या चर्चमधले ऑर्विस शेलंड सांगतील तिकडे त्यांच्या जिल्ह्याची सहाच्या सहा मतं जातात. मी फोन केला की ते नुसतं 'बरं' म्हणतात आणि ठेवतात. काय करू?

लोभ आहेच, सोबत थोडी अक्कलही पाठव.
तुझी,
आर्लिस


रग्बी
९ जानेवारी १९८९

चि. आर्लिस हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझे भावजी म्हणाले, हिला स्वतःची मोटार बर्फातून काढता येत नाही आणि ही पक्ष वर काढणार! पण मनातून खूश आहेत. सगळ्या चर्चला सांगून झालं.

ऑर्विसचं म्हणशील, तर तुझ्याकडे त्यांच्या बायकोचं, इंगाचं काचेचं भांडं आहे ना? दोन वर्षांपूर्वीच्या पक्षाच्या सहलीत उरलेलं सॅलड तू त्यातून घरी नेलंस. बुडाला चिकटपट्टीवर तिचं नाव आहे बघ. पुढच्याच हिवाळ्यात बिचारी गेली आणि भांडं तुझ्याकडेच राहिलं. ते आधी नेऊन दे. रिकामं देऊ नकोस, हे काय तुला सांगायला हवं?

जिवाला जप, मोजे दुहेरी घाल.
तुझी ताई,
मार्वेल


डिकिन्सन
१७ जानेवारी १९८९

ती. ताईस सा. न. वि. वि.

काम फत्ते! खिमा-बटाट्याचे थर ओव्हनमध्ये भाजून केलेलं हॉटडिश भरून भांडं पोचवलं. ऑर्विस घरी नव्हते, दारात ठेवून आले. चांदीच्या कागदाखाली माझं प्रचाराचं कार्डही सरकवलं. आहे की नाही हुशार?

घाईत आहे, तरी लोभ पुरेपूर.
आर्लिस


रग्बी
२३ जानेवारी १९८९

चि. आर्लिसला आशीर्वाद, आणि एक धपाटा.

हुशार कसली, हात दाखवून अवलक्षण केलंस! काल चर्चमध्ये ऑर्विसनी ते भांडं माझ्या हातात ठेवलं. धुतलेलं, पुसलेलं आणि रिकामं. आत तुझं कार्ड. बायकोचं भांडं माणूस रिकामं परत करतो, म्हणजे त्याला किती लागलं असेल! लाजेनं मला मान वर करवेना. अगं, इंगाच्या भांड्यातून मत मागायचं असतं का?

रविवारी इकडे ये. कार्ड, बिल्ला, काही आणू नकोस.

तू चुकलीस तरी माझीच आहेस.
ताई


बिस्मार्क
११ फेब्रुवारी १९८९

ती. मार्वेलताईस,
अध्यक्षीणबाईंचा सा. न. वि. वि.

हो, झाले! आधी तू बोलावलेल्या त्या रविवारचं सांगते. ऑर्विसकडून तुझ्या घरी परतले तेव्हा तू खोदून खोदून विचारलंस, तरी तोंड उघडायचं धैर्य नव्हतं.

चर्चच्या पाककृतींच्या वहीत इंगाबाईंच्या नावावर आल्याच्या वड्या आहेत ना, त्याच, तुझ्याकडून घेतलेल्या त्या भांड्यात भाजून नेल्या. ऑर्विसनी दार उघडलं आणि म्हणाले, "तुझं कार्ड बटाट्याला चिकटलं होतं." मी म्हटलं, चुकले. त्यांनी आत घेतलं. मोरीत आठवड्याची भांडी साचलेली. मी घासली, त्यांनी पुसली. मग एक वडी खाऊन म्हणाले, इंगा साखर जास्त घालायची. आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "ती गेल्यापासून जो येतो तो मत मागायलाच येतो." मी निवडणुकीचं नाव काढलं नाही. परतताना सहा मतं गेली असंच धरून चालले होते. रडले थोडी, पण मन हलकं होतं.

आज सभागृहात हजेरीच्या आधी ऑर्विस सरळ पुढे आले आणि माझ्या टेबलावर तेच भांडं ठेवलं. आत हॉटडिश. जन्मात पहिल्यांदा केलेलं, खालून करपलेलं. मोठ्यानं म्हणाले, "रिकामं परत करायचं नसतं." व्हिटमोरसाहेब बघतच राहिले. ऑर्विसच्या जिल्ह्याचा पुकारा झाला आणि सहाच्या सहा मतं माझी! बासष्ट विरुद्ध छप्पन्न.

करपलेलं सगळं संपवलं, ताई, खरवडून. इंगाबाईंची चिकटपट्टी अजून बुडाला आहे. कुलपं उघडायला सोमवारपासून निघतेय, आणि पहिला मुक्काम ऑर्विसच्या गावी. भांड्यात काय भरून नेऊ, तेवढं लगेच कळव.

लोभही असाच भरून येत-जात राहो.
तुझी,
आर्लिस