हॅलवर्ड दोन-लिटरची डावी बाजू

आणि डावी बाजू फुगलेली आहे, हे तू मला प्रत्येक पत्रात कशाला लिहितोस, क्लाइव्ह? फुगलेलीच आहे. मी कधी नाही म्हटलं? केनिलवर्थचा तुझा तो डॉक्टर गाडी घ्यायला तयार आहे, पण आधी डावा पत्रा उतरवून उजव्यासारखा करून द्यायचा, आणि तू मला न विचारता हो म्हणून बसलास, भांडण त्यावरून आहे. भावाभावांचं पत्रातून भांडून झालं. आता कायद्याने लिहितो.

मी, आयव्हर विल्फ्रेड गिल्क्स, वय तेवीस, मूळ राहणार फोल्सहिल, कॉव्हेंट्री, सध्या टास्मानियात बोगद्याच्या कामावर, हे मृत्युपत्र कुणाच्या दडपणाखाली नव्हे तर धड डोक्याने लिहीत आहे. डोकं धड आहे. बाकीचं मला नीट कळत नाही. गेल्या महिन्यात माझ्या शेजारच्या खाटेवरचा युर्गिस दरडीखाली गेला. त्याने काही लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून त्याचे कपडे, रेडिओ, बूट सगळं खानावळीत लिलावात काढलं आणि पैसे त्याच्या बायकोला पाठवले. इथे असंच करतात. बूट मी घेतले. मापाचे निघाले.

बूट. हे बोगद्यावरच्या ब्रुनोला द्यायचे होते, पण मृत्युपत्रावर साक्षीची सही करणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही असं मुकादम म्हणाला. म्हणून आजच देऊन टाकले. हे कलम संपलं.

बाबांची हत्यारं, म्हणजे लाकडी हातोडे, वाळूची चामडी पिशवी आणि ज्यावर पत्रा ठोकायचे तो एल्मचा ओंडका, हे आईकडे राहावं. वापरायला नव्हे. ओंडका कोळशाच्या खोलीतून बाहेर काढू नये, तिला त्यावर बसून बूट घालायची सवय आहे.

आता गाडी.

हॅलवर्ड कंपनीची दोन लिटरची, दोन आसनी, नमुना म्हणून बनवलेली एकच गाडी. पुढे दुसरी झालीच नाही. नळ्यांची चौकट, वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. मागचे ब्रेक चाकांत नाहीत, मध्ये डिफरन्शियलला चिकटून आहेत, म्हणजे चाकं हलकी राहतात आणि खड्ड्यातून गेल्यावर रस्ता सोडत नाहीत. सहा सिलिंडर. इंजिनाचं हेड थंडीत आतलं पाणी गोठून तडकलेलं आहे. पाणी काढून ठेव म्हणून मी तुला बजावून जहाजावर चढलो होतो, क्लाइव्ह. तू म्हणालास, "येवढी काय थंडी पडतेय!" हे इथे नोंदवून ठेवतो.

डाव्या बाजूचं असं आहे. कागदावर गाडीची एकच बाजू काढतात, आणि हॅलवर्डकडे पैसा नव्हता म्हणून लाकडी साचाही उजव्या अर्ध्याचाच बनवला. उजवी बाजू डेनिसमामाने साच्यावर बसवली. डावी बाबांकडे होती. उजव्या पत्र्यावर तपकिरी कागद ताणून माप घ्यायचं आणि तो उलटा करून डावीकडे लावायचा. कागद धरायला दोन माणसं लागतात, दोन टोकांना.

पण त्याआधी संप झाला होता आणि बाबा संप मोडून कामावर गेले होते. का गेले ते तू लोकांना हवं तसं सांगतोस. पगारासाठी नव्हे. आई स्वयंपाकघरात ओरडत होती, "विल्फ, अरे लोक तोंड बघायचे नाहीत आपलं!" ते म्हणाले, "अर्धी गाडी टाकून मला घरी बसवत नाही, एडना. झोप लागत नाही." एवढंच कारण होतं. मी टेबलाखाली होतो.

संप मिटल्यावर कारखान्यात त्यांच्याशी कुणी बोलेना. आपल्याकडे ही शिक्षा कशी देतात ते तुला सांगायला नको. चहाच्या वेळी बाकावर त्यांच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी. सख्खा मेहुणा गाडीच्या पलीकडे उभा, आणि कागदाचं दुसरं टोक धरीना. बाबांनी डावी बाजू नजरेने ठोकली. पुढच्या मडगार्डाला ती उजवीपेक्षा अर्धा इंच जास्त भरली.

तू तेव्हा तिथेच शिकाऊ होतास. तू धरू शकला असतास. सोळा वर्षांचा होतास, घाबरलास, ते मी समजतो. पण घरी आल्यावर तरी त्यांच्याशी बोलायला हवं होतंस. तिथेही समोर बसून तू "आई, त्यांना मीठ द्यायला सांग," म्हणायचास. हे मी माफ केलेलं नाही. ते तुझ्याच नावे ठेवतो.

धावपट्टीवर चाचणी झाली तेव्हा गाडी चालवणारा खाली उतरून म्हणाला, "डाव्या वळणाला लाडात येते, उजव्याला रुसते. बायकोच आहे." सगळे हसले. बाबाही हसले, पण त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही. पुढे हॅलवर्ड बुडाली ती देण्यांमुळे. गाडी मोडीत काढायचा हुकूम झाला आणि बाबांनी ती अ‍ॅल्युमिनियमच्या वजनावर विकत घेतली.

मार्चमध्ये ते गेल्याची तार आली तेव्हा मी जेवत होतो. मटण होतं. मी ते संपवलं आणि पाळीवर गेलो. त्यानंतर मला काही झालेलं नाही. लोक विचारतात.

दफनानंतर चहाच्या वेळी डेनिसमामा गॅरेजात जाऊन डाव्या मडगार्डावर हात फिरवत बसला आणि "कागद धरायला हवा होता" असं पुटपुटला, हे तूच मला थट्टेने लिहिलंस. मामा खुळावला म्हणे.

म्हणून माझ्या पश्चात गाडी डेनिस बर्डेट यांना द्यावी. अट एकच. दोन्ही बाजूंचा पत्रा आहे तसा ठेवायचा. माणसाने आयुष्यभर पत्रा ठोकला आणि त्याच्या हाताचं म्हणून दाखवता येईल असं एवढंच उरलंय. सारखी केलीत तर ती कुणाचीच राहणार नाही. हेड बदललं तर चालेल.

हे वाचून दाखवलं तेव्हा स्वयंपाकी पर्सी म्हणाला, "चालत नाही, विकायची नाही, वाकडी आहे. अरे ही मोटार की सासू?" ब्रुनो म्हणाला, "सही कर गप."

एक अडचण राहते. बाबांनी गाडी आपल्या दोघांना अर्धी अर्धी ठेवली. तुझा अर्धा तुझाच आहे, त्यावर माझं मृत्युपत्र चालत नाही, आणि मी मरेपर्यंत डॉक्टर थांबणार नाही. तेव्हा शिल्लक रक्कम कुणाला द्यावी हे कलम मी खोडलं आहे. शिल्लक काही नाही. होती ती याच पाकिटात आहे. तुझा अर्धा मी विकत घेतो. मान्य असेल तर पावती आईजवळ दे आणि गॅरेजची किल्ली मामाला.

सही: आयव्हर वि. गिल्क्स
आमच्यादेखत सही केली, आम्ही दोघे शुद्धीत होतो:
ब्रुनो झानेत्ती, बोगदा कामगार
पर्सी ओ'डाउड, स्वयंपाकी
तिसरी छावणी, मध्य टास्मानिया, ९ जुलै १९६१

सोबत बँकेचा ड्राफ्ट, क्लाइव्ह गिल्क्स यांच्या नावे: एकशे त्र्याऐंशी पौंड.